जांभळ्या दिवसाचा गुलाबी डाग

१

किंकाळी लॉन्ड्रीतून आली आणि ती शेफची होती. शेफ म्हणजे हात भाजला तरी हूं की चूं न करणारा माणूस. त्यामुळे रिसेप्शनवर फुलदाण्या मांडत असलेल्या मालकीणबाई तशाच धावल्या. हातातलं फूल तसंच घेऊन त्या धडाधड जिना उतरल्या.

लॉन्ड्रीत फरशीभर फेस होता. त्या फेसात शेफ उभा होता आणि त्याच्या हातात एक ओला टेबलक्लॉथ होता. काल संध्याकाळी तो बगळ्याच्या पिसासारखा पांढरा होता. आता तो गुलाबी होता, चांगला ठसठशीत गुलाबी.

"एकच ना?" मालकीणबाईंनी आशेनं विचारलं.

"सगळे, वहिनी! नॅपकिनसुद्धा. मी नॅपकिन न्यायलाच आलो होतो."

दुसरा कुठला दिवस असता, तर मालकीणबाई म्हणाल्या असत्या, जाऊ दे, गुलाबी तर गुलाबी. पण आजचा दिवस साधा नव्हता. काल शहराच्या फुटबॉल टीमनं कप जिंकला होता. याआधीचा कप आला तेव्हा मालक अर्ध्या चड्डीत शाळेला जात होते, म्हणजे बघा! रात्रभर शहरात कोणी झोपलं नव्हतं. टीमचा रंग जांभळा, म्हणून दुकानं, गाड्या, विजेचे खांब, एवढंच काय एका हौशी माणसाचा कुत्रासुद्धा जांभळा झाला होता. आणि आज दुपारी विजयाची मिरवणूक या हॉटेलच्या दारात थांबणार होती. खेळाडू आत येऊन जेवणार होते, कप मधल्या टेबलावर ठेवला जाणार होता. नगरपालिकेकडून हा मान मिळवताना मालकांच्या चपला झिजल्या होत्या.

आणि काल हरलेली टीम कोणती? नदीपलीकडच्या शहराची. त्यांचा रंग गुलाबी.

"कोणी केलं हे?" मागून गर्जना झाली. मालक आले होते. गळ्यात जांभळा मफलर, नवा पांढरा शर्ट, आणि डोळ्यांत अंगार. ते फेसातून घसरत घसरत पुढे आले आणि पडू नये म्हणून त्यांनी बायकोचा दंड धरला. इतक्या संकटातही मालकीणबाईंना एक गोष्ट जाणवलीच. आज नवऱ्याच्या अंगाला छान लिंबाचा वास येत होता. गेला अख्खा हंगाम 'कप येईपर्यंत मफलर धुणार नाही' अशी प्रतिज्ञा करून बसलेला हा माणूस. त्या मफलरला घाम, तळण आणि स्टेडियमच्या धुळीचा असा काही दर्प सुटला होता, की रात्री तो गॅलरीत टांगल्याशिवाय मालकीणबाई नवऱ्याला खोलीत घेत नसत. आज निदान आंघोळ तरी मन लावून केलेली दिसते, असं त्यांच्या मनात आलं आणि लगेच त्या ते विसरल्या.

"मी सांगतो कोणी केलं," मालक म्हणाले. "ज्याचा रंग त्याचं काम. बोलवा त्या पलीकडच्यांना!"

पलीकडचे काका दारातच उभे होते. हॉटेलची लॉन्ड्री तेच सांभाळत. जन्म नदीपलीकडचा, म्हणून हे नाव. मालकांचे वडील होते तेव्हापासून ते इथे होते, अंगणामागच्या खोलीत राहत होते, आणि इतकी वर्षं भर जांभळ्या शहरात गुलाबी मफलर घालून ताठ मानेनं फिरत होते. सगळे त्यांना चिडवत, तेही चिडवणाऱ्याला पुरून उरत. आज मात्र चिडवाचिडवीचा विषय नव्हता.

"मशीन मी सुरू केलं नाही, मालक," काका म्हणाले. "रात्री कपडे आत भरून ठेवतो आणि सकाळी येऊन बटण दाबतो, ही माझी रोजची पद्धत. आज आलो तर कपडे आधीच धुऊन झालेले आणि हा असा फेस."

"मशीनचं सोडा! गुलाबी रंग कोणी ओतला? भुतानं?"

काकांनी मालकांकडे पाहिलं, फेसाकडे पाहिलं आणि ते गप्प बसले.

"बघा! तोंडाला कुलूप! टीम हरली म्हणून आमच्या आनंदात विरजण घालता? मिरवणूक यायच्या आत खोली रिकामी करा. आजपासून तुम्ही इथे नाही."

तेवढ्यात जिन्यावरून एक खणखणीत आवाज आला.

"जावईबापू, परीक्षा घेतल्याशिवाय मुलाला नापास करता येत नाही."

२

मालकीणबाईंच्या आई खाली उतरत होत्या. त्यांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या, पण अजून सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. जावई त्यांना मनापासून मान द्यायचे, आणि त्याहून मनापासून घाबरायचे.

"मिरवणूक येईपर्यंत माझा तपास," बाई म्हणाल्या. "तोवर काका कुठेही जाणार नाहीत. अगं, तू चल माझ्याबरोबर. तुझे डोळे तरुण आहेत."

"आई, मिरवणूक दुपारी येईल! टेबलं मांडायची आहेत अजून!"

"टेबलं काय, कशावरही मांडता येतात. माणूस एकदा दाराबाहेर गेला की परत मांडता येत नाही."

मालकीणबाईंनी पदर खोचला. काकांनी त्यांच्या लग्नातला शालू इस्त्री केला होता आणि मालकीणबाईंच्या बाळाची दुपटीसुद्धा. त्यांनी असं काही केलं असेल हे मनाला पटत नव्हतं. पण मग केलं कोणी?

बाईंनी टेबलक्लॉथ नाकाशी नेला. "हुंग."

"लिंबू."

"काकांच्या धुण्याच्या पावडरीला लिंबाचा वास असतो?"

"छे, तिला कसलाच वास नसतो. आणि पावडरीचं कपाट बंदच आहे की. किल्ली काकांच्या कमरेला असते, आंघोळीलासुद्धा ती काढत नाहीत म्हणे."

"बरं. मग लिंबाचा वास या हॉटेलात कशाला आहे?"

मालकीणबाई थबकल्या. "खोल्यांमध्ये पाहुण्यांसाठी ठेवतो त्या शांपूच्या बाटल्यांना!"

बाई वाकल्या आणि फरशीतल्या जाळीवरून त्यांनी काहीतरी उचललं. बोटाच्या पेरावर बसेल असं पांढरं झाकण होतं ते. शांपूच्या बाटलीचंच.

"म्हणून हा फेसाचा डोंगर," बाई म्हणाल्या. "ज्याच्याकडे पावडरीची किल्ली आहे, तो मशीनमध्ये शांपू कशाला ओतेल? आणि हे बघ, मशीनचं बटण सगळ्यात गरम पाण्यावर. हे ज्यानं केलं त्यानं जन्मात कधी स्वतःचा कपडा धुतलेला नाही."

म्हणजे काका सुटले! मालकीणबाईंना हायसं वाटलं. पण हा आनंद स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच टिकला. कारण तिथे ओट्यावर एक भलंमोठं पातेलं होतं, आणि त्यात जे उकळत होतं ते गुलाबी होतं.

३

"बीटचं सूप आहे!" शेफनं दोन्ही हात वर केले. "वहिनी, असं बघू नका माझ्याकडे. जांभळं सूप करा असा मालकांचा हुकूम होता. आता बीट जेवढं जांभळं होईल तेवढंच होणार ना?"

"सकाळी लॉन्ड्रीत पहिले तुम्हीच गेलात," मालकीणबाई म्हणाल्या.

"आणि काकांशी गेल्याच आठवड्यात तुमचं वाजलं होतं, एप्रनवरच्या डागांवरून," बाईंनी भर घातली.

शेफनं पळी खाली ठेवली. "वाजलं होतं, मान्य. ते म्हणाले, तू स्वयंपाक भांड्यात करतोस की अंगावर? पण म्हणून मी त्यांच्या पोटावर पाय देईन? अहो, आमचं भांडण रोजचं आहे. ते नसलं तर मला चहा गोड लागत नाही."

बाईंनी एका वाटीत सूप घेतलं, त्यात ओट्यावरच्या पांढऱ्या फडक्याचा कोपरा बुडवला आणि उकळत्या पाण्यात साबण घालून तो खळखळून धुतला. गुलाबी रंग बघता बघता विटला आणि कोपरा मळकट, तपकिरी झाला.

"बीट गरम पाण्यात आणि साबणात टिकत नाही," त्या म्हणाल्या. "आपले टेबलक्लॉथ तर गुलाबाच्या फुलासारखे आहेत. हे बीटचं काम नव्हे. शेफ, सूप मात्र छान झालंय, मीठ घाला थोडं."

उरली सजावटवाली. ती हॉटेलच्या दारात शिडीवर चढून जांभळ्या फिती बांधत होती, आणि तिचा राग मालकीणबाईंना माहीत होता. 'पांढरे टेबलक्लॉथ जुनाट दिसतात, माझ्याकडची जांभळी कापडं भाड्यानं घ्या,' म्हणून ती मालकांच्या मागे लागली होती आणि मालकांनी तिला वाटेला लावलं होतं. पांढरे टेबलक्लॉथ बिघडले, की फायदा कोणाचा?

"माझा?" सजावटवाली शिडीवरूनच खो खो हसली. "अहो ताई, माझी जांभळी कापडं नगरपालिकेनं कालच उचलली. आता तुम्ही पाया पडलात तरी माझ्याकडे हातरुमालाएवढं कापड नाही. आणि पहाटेच्या अंधारापासून मी या शिडीवर आहे, समोरच्या पानवाल्याला विचारा. चहासुद्धा त्यानं वर आणून दिला."

पानवाल्यानं दुकानातूनच मान डोलावली. चहाचा कप अजून शिडीच्या वरच्या पायरीवर होता.

"मग आता राहिलं कोण?" मालकीणबाई रडकुंडीला आल्या. लांबून बँडचा आवाज ऐकू यायला लागला होता. मिरवणूक निघाली होती.

"आता काकांकडे जाऊ," बाई म्हणाल्या. "ते काहीतरी लपवतायत."

४

काका मागच्या दारात पायरीवर बसले होते. शेजारी जुनी सुटकेस, दोरीनं बांधलेली. गळ्यात गुलाबी मफलर, तोही धुऊन धुऊन विटलेला. मालकीणबाई त्यांच्याशेजारी टेकल्या.

"काका, अहो बोला ना काहीतरी! तुम्ही केलं नाही हे आम्हाला कळलंय. कोणी केलं ते सांगा फक्त."

"ताई, मला काही सांगायचं नाही."

"म्हणजे माहीत आहे?"

काका सुटकेसची दोरी घट्ट करू लागले. बाईंनी समोर पाहिलं. काकांच्या खोलीची खिडकी अंगणात उघडत होती आणि अंगणापलीकडे लॉन्ड्रीचं दार होतं, सरळ रेषेत. खिडकीत टांगलेल्या बनियनवरून नजर न हलवता बाईंनी पायानं सुटकेस जरा बाजूला सारली. ती सर्रकन सरकली, वाऱ्यावर असल्यासारखी.

"तुमचा मफलर द्याल का घटकाभर?" बाईंनी विचारलं. "परत आणून देते. शब्द आहे माझा."

काकांनी मफलर काढून दिला. बाईंनी तो घडी करून हातावर घेतला आणि लेकीला म्हणाल्या, "दारात मफलर विकणारा बसलाय. त्याच्याकडून एक कोरा जांभळा मफलर घे. आणि काचेचे दोन जग. सगळ्यांना रिसेप्शनवर बोलाव, जावईबापूंना आधी."

"आई, कळलं तुला?"

"कळलंय. पण तुला आवडणार नाही."

५

रिसेप्शनच्या टेबलावर काचेचे दोन जग ठेवले होते. दोन्हींत वाफाळतं पाणी, दोन्हींत लिंबाचा शांपू. मालक घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते. शेफ, सजावटवाली आणि काका भिंतीला टेकून उभे होते.

बाईंनी काकांचा गुलाबी मफलर पहिल्या जगात बुडवला, ढवळला, काढला. पाणी जसंच्या तसं राहिलं.

"दर आठवड्याला धुतला जाणारा मफलर," त्या म्हणाल्या. "जो रंग जायचा तो केव्हाच गेला. यातून टेबलक्लॉथ सोडा, हातरुमालसुद्धा रंगणार नाही."

मग त्यांनी कोरा जांभळा मफलर दुसऱ्या जगात सोडला. सगळे पुढे झुकले. पाण्यात एक रेघ उतरली, पसरली, आणि बघता बघता सगळं पाणी गुलाबी झालं.

"आयला!" शेफच्या तोंडून निघून गेलं. "पण मफलर तर जांभळाच आहे अजून!"

"जांभळा रंग एकटा नसतो, बाळांनो. लाल आणि निळा मिळून तो होतो. कोऱ्या कापडाला गरम पाणी लागलं की या मफलरातला लाल आधी पळतो आणि निळा घट्ट बसून राहतो. वर्गात शिकवताना मी नेहमी सांगायचे, संसारातही एक पळणारा आणि एक बसणारा असतो." बाईंनी चष्मा सारखा केला. "तर आपले टेबलक्लॉथ हरलेल्या टीमच्या रंगानं बिघडलेले नाहीत. जिंकलेल्या टीमच्या रंगानं बिघडलेत."

"पण सासूबाई," मालक म्हणाले, "जांभळा मफलर आज गावात कुणाच्या गळ्यात नाही?"

"बरोबर. म्हणून पुढचा प्रश्न. हंगाम संपला तरी ज्याला अजून एकदाही पाणी लागलेलं नाही, असा मफलर कुणाकडे होता? शेफ, तुमचा?"

"मी तर दर रविवारी धुतो. नाहीतर माशा बसतात."

"माझा आईच धुते," सजावटवाली म्हणाली.

"आणि कप आल्यावर पहिल्याच पहाटे, कोणाला न सांगता, तो धुवायची घाई कुणाला होती? ज्यानं कधी मशीनला हात लावलेला नाही, ज्याला पावडरीची किल्ली कुठे असते हे ठाऊक नाही, पण शांपूच्या बाटल्या कुठे असतात हे ठाऊक आहे, असा माणूस."

मालकीणबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लिंबाचा वास! अंगाला नव्हताच तो. आंघोळीचा नव्हता. त्यांनी हळूच वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"जावईबापू," बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "गळ्यातला मफलर जरा काढता का?"

मालकांनी मफलर काढला. तो अजून दमट होता. आणि आज सकाळीच घडी मोडलेल्या त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाची कॉलर या कानापासून त्या कानापर्यंत गुलाबी झाली होती. हा सूर्य आणि हा जयद्रथ!

६

मालक मटकन खुर्चीत बसले.

"मी... मी प्रतिज्ञा केली होती," ते म्हणाले. "कप आला की माझ्या हातानं धुवायचा आणि मिरवणुकीला स्वच्छ मफलर घालून जायचं. मशीनमध्ये कपडे होतेच. म्हटलं, एवढ्याशा मफलरसाठी वेगळं पाणी कशाला घालवा? मशीन थांबल्यावर हात घालून मफलर तेवढा ओढून काढला, अंधारात बाकीचं बघितलंच नाही. तो जांभळाच दिसत होता हो! मला वाटलं, माझ्यामागून कोणीतरी येऊन रंग ओतला. जांभळ्यातून गुलाबी निघेल हे माझ्या स्वप्नात तरी येईल का?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मालकीणबाई म्हणाल्या. हसावं की रागवावं ते त्यांना कळेना. मग त्यांची नजर काकांकडे गेली आणि हसू विरलं. "काका, तुम्ही पाहिलं होतंत ना? खिडकीतून?"

"पाहिलं होतं," काका म्हणाले. "मफलर छातीशी धरून चालले होते, लहान बाळाला घेऊन जावं तसे."

"मग बोलला का नाहीत?" मालक कळवळून ओरडले. "मी तुम्हाला घालवून देत होतो!"

"मालक, मी लॉन्ड्रीवाला. जन्मभर लोकांचे डाग बघतोय. कोणाच्या कपड्यावर काय सांडलं हे लॉन्ड्रीवाल्यानं चारचौघांत सांगायचं नसतं. ते सांगायला लागलो, तर कपडे कोण देईल माझ्याकडे?"

बँड आता कोपऱ्यापर्यंत आला होता.

"आणि सुटकेस?" बाईंनी विचारलं. "ती तर रिकामी आहे."

काका ओशाळले. "भरायला बसलो होतो. पण माझं काय आणि हॉटेलचं काय, तेच कळेना. मग नुसती दोरी बांधली."

मालक उठले. त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले. "चुकलो, काका. तुमची खोली तुमचीच आहे. माझ्या वडिलांनी तुम्हाला आणलं, आणि मी..."

"असू दे, असू दे. शर्ट बदला आधी. तो डाग थंड पाण्यात टाका, गरम नको."

"पण टेबलं?" शेफनं आठवण केली. "लोक दारात आलेत!"

मालकीणबाईंनी गुलाबी नॅपकिन उचलला आणि त्यांना सुचलं ते सुचलंच. "अहो, कप याच्यावरच ठेवायचा! हरलेल्यांच्या रंगावर जिंकलेल्यांचा कप. याहून झकास टेबल आज शहरात कोणाकडे असेल? फक्त काकांची हरकत नसेल तर."

काकांनी क्षणभर विचार केला. "हरलोय तर हरलोय," ते म्हणाले. "पण इस्त्री मी करणार. आमच्या रंगाला सुरकुती चालायची नाही."

मग काय विचारता! कोणी टेबलक्लॉथ झटकले, कोणी ओढून सरळ धरले, इस्त्रीची वाफ रिसेप्शनपर्यंत आली. खेळाडू आत शिरले तेव्हा शेवटचं टेबल अजून गरम होतं. मधल्या गुलाबी टेबलावर कप ठेवला गेला आणि हसण्याचा असा स्फोट झाला की बाहेरचा बँडही थांबला.

"अफलातून!" टीमचा कॅप्टन म्हणाला. "ही कल्पना कोणाची?"

सगळे मालकांकडे बघत होते. श्रेय आयतं ताटात वाढून आलं होतं. मालकांनी मालकीणबाईंकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि मग माईक हातात घेतला.

"कल्पना माझ्या बायकोची," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "डाग माझा. आणि मी आळ घेतला या माणसावर." त्यांनी काकांना ओढून पुढे आणलं. "आज आमच्या टेबलावर पहिलं ताट यांचं."

कॅप्टननं स्वतः खुर्ची ओढून दिली. काका गुलाबी मफलर गळ्यात नीट करून कपाच्या समोर बसले, आणि भर जांभळ्या गर्दीनं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मालकीणबाईंचे डोळे भरले, ते त्यांनी गुलाबी नॅपकिननंच पुसले.

"काका," गोलकीपर डोळा मारून म्हणाला, "कसं वाटतंय आमचा कप बघून?"

काकांनी कपावरून नजर फिरवली आणि चमचा सुपात बुडवला.

"बरा आहे. पुढच्या वर्षी आमच्याकडे येईल तेव्हा जेवायला जरूर या. टेबलक्लॉथ जांभळे लागतील, त्याची काळजी नको. मालकांना तोवर मशीन शिकवून ठेवतो."